गाडगेबाबांचा खराटा सरकारने उचलला, आवाजाचे काय?

गाडगेबाबांचे नाव घेतले की खराटा आठवतो. डोक्यावर गाडगे, अंगावर चिंध्यांचा झगा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच आणि हातात खराटा. महाराष्ट्र शासनाने २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियानाला बाबांचे नाव दिले आणि हेच चित्र गावोगावच्या भिंतींवर रंगवले गेले. त्याला आमची हरकत नाही. गावे झाडली गेली, चांगलेच झाले. पण बाबा दिवसा गाव झाडत ते रात्रीच्या कीर्तनासाठी. खराटा ही प्रस्तावना होती, ग्रंथ होता तो त्यांचा आवाज. प्रस्थापितांनी प्रस्तावना तेवढी ठेवून घेतली आणि ग्रंथ बाजूला सारला. यात नवल काहीच नाही. खराटा मंत्र्याच्या हातात फोटोपुरता देता येतो. कर्जबाजारी कुणब्याला सावकाराविरुद्ध, भाविकाला पुजाऱ्याविरुद्ध आणि नवऱ्याला स्वतःच्याच बाटलीविरुद्ध उभा करणारा आवाज कोणत्या योजनेत बसवणार?

हा आवाज कोणत्याही गायनशाळेत तयार झाला नाही. डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातला. जात परीट, म्हणजे लोकांचे मळके कपडे धुणारी. बाप झिंगराजी दारूपायी गेला, तेव्हा डेबू अगदी लहान होता. आई सखुबाई पोराला घेऊन अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला, भावाच्या आश्रयाला आली. शाळेचे तोंड डेबूने पाहिले नाही. मामाची गुरे राखली, पुढे औत धरले. गुरे राखता राखता भजनाचा नाद लागला. नदीकाठी, शिवारात, मोकळ्या हवेत ओरडून गाणाऱ्या पोराचा गळा जसा तापतो, तसा तो तापला. वऱ्हाडातल्या काळ्या मातीवर एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर हाळी घालणाऱ्या माणसाला आवाज दूर फेकणे कोणी शिकवावे लागत नाही.

मग सावकार आला. मामा चंद्रभानजी निरक्षर. कागदावर काय लिहिले आहे हे न कळता अंगठा उठला आणि जमीन सावकाराच्या घशात गेली. त्या धक्क्यातून मामा सावरले नाहीत. डेबूजी मात्र सावकारापुढे वाकला नाही, शेतात पाय रोवून उभा राहिला. १८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झाले. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटणाचे जेवण द्यायचे होते. डेबूजीने गोडधोड वाढले. भाऊबंद चिडले, पण त्याने ऐकले नाही. १ फेब्रुवारी १९०५ रोजी हा माणूस घर सोडून निघाला आणि पुढची ५० वर्षे महाराष्ट्रभर चालत राहिला.

हे सारे एवढ्यासाठी सांगितले की, बाबांच्या कीर्तनात जो दारुडा झोकांड्या खात येई, जो सावकार गोड बोलून कागद पुढे सरकवी, जी बाई चुलीपुढे बसून रडे, ती पाठ केलेली सोंगे नव्हती. ती सगळी माणसे त्यांच्या घरातून आली होती. दारुड्याचा आवाज काढताना लोक खदखदून हसत. हसणाऱ्यांना ठाऊक नसे की समोरचा माणूस आपल्या बापाच्या मरणाकडून आवाज उसना घेतो आहे. आणि हसू ओसरायच्या आत त्या दारुड्याच्या बायकोचा आवाज येई. मग मांडवात श्वाससुद्धा ऐकू येत नसे.

कीर्तन हे एका माणसाने उभे केलेले नाटकच असते. नारदीय कीर्तनकाराचा थाट आपण पाहिलेला आहे. पगडी, उपरणे, पेटी-तबला, आधी पूर्वरंग, मग उत्तररंगात पुराणातले आख्यान, शेवटी आरती आणि पाया पडणाऱ्यांची रांग. बाबांनी साचा तोच घेतला आणि त्यातला सगळा माल फेकून दिला. पुराणातला राजा गेला, त्याच्या जागी दापुऱ्याचा कुणबी आला. संस्कृत श्लोक गेला, वऱ्हाडी बोली आली. पुण्या-मुंबईच्या सभेतही बाबांनी आपले काहून आणि कायले सोडले नाही. पायाला हात लावू दिला नाही. कोणाला शिष्य केले नाही, कानात मंत्र फुंकला नाही, आणि कीर्तन आटोपले की सत्काराची वाट न पाहता अंधारात चालते झाले.

त्यांचे खरे हत्यार होते प्रश्न. प्रश्न इतका साधा की उत्तर न देणे अशक्य. देवाला आंघोळ कोण घालतो, धोतर कोण नेसवतो, नैवेद्यावरचे कुत्रे कोण हाकलतो, अशी भोळीभाबडी चौकशी सुरू होई. लोक उत्तर देत. बाबा तोच प्रश्न पुन्हा विचारत, आवाज खाली आणून, जणू ऐकूच आले नाही. लोक अधिक मोठ्याने उत्तर देत. तिसऱ्या खेपेला त्या उत्तराचा फास उत्तर देणाऱ्याच्याच गळ्यात पडलेला असे. हजारो माणसांनी आपल्याच तोंडाने कबूल केलेले असे की, ज्या दगडाला स्वतःचे धोतर सांभाळता येत नाही त्याच्यापुढे कर्ज काढून बकरे कापणे हा वेडेपणा आहे. संताप चढायच्या आत बाबा गोपालाचा गजर उचलत, टाळ्यांचा ठेका धरत. मांडव मोकळा श्वास घेई आणि पुढच्या प्रश्नाला तयार होई.

या गजराबद्दल आपल्या चळवळीतल्या काही मित्रांच्या मनात अढी आहे. जो माणूस देव नाकारतो तो देवाचे नाव का घेतो, असा त्यांचा सवाल आहे. सवाल चुकीचा नाही. पण बाबा कुणापुढे उभे होते ते पाहा. देवाचे नाव घेतल्याशिवाय जी गर्दी जमलीच नसती, तिच्यापुढे ते उभे होते. पंढरपूरला बाबा गेले ते वाळवंट झाडायला आणि वारकऱ्यांसाठी धर्मशाळा बांधायला, विठ्ठलाच्या दर्शनाला नव्हे. आमच्या मते एवढे उत्तर पुरेसे आहे.

आता १९२३ सालची एक रात्र. कोकणात खारेपाटणला बाबांचे कीर्तन चालू होते. मुलगा गोविंदा गेल्याची बातमी तिथेच येऊन पोचली. कीर्तन थांबले नाही. कोट्यवधी माणसांची पोरे मरतात, मग एकासाठी काय रडायचे, अशा अर्थाचे ते काही बोलले आणि पुढे चालू लागले.

गळ्यावर पोट असणाऱ्याला विचारा, ही गोष्ट किती कठीण आहे. रडू खरे आले की घसा आवळतो, आणि घसा आवळला की सूर जातो. युरोपातल्या ऑपेरात गायक ध्वनिक्षेपकाशिवाय, साऱ्या वाद्यवृंदाच्या वर आवाज चढवून शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. तिथे दुःख दाखवायचे असते, पण दुःखाला गळ्यात शिरू द्यायचे नसते. आपल्याकडे संगीत नाटकाचेही तेच. १९११ मध्ये मानापमानाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली आणि तरीही ते रंगभूमीवर उभे राहिले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात ही आठवण पुन्हा पुन्हा सांगितली जाते, सांगितली जावीच. पण त्याच इतिहासात खारेपाटणची रात्र का येत नाही? परटाच्या पोराने उघड्यावर, कंदिलाच्या उजेडात केलेला प्रयोग हा प्रयोग नव्हता काय? तिकीट नव्हते म्हणून? की प्रेक्षकांत महार-मांग बसले होते म्हणून?

बालगंधर्वांना त्या रात्री भामिनीचा मुखवटा होता. बाबांना मुखवटा नव्हता. ते ज्या बापाचे दुःख सांगत होते तो बाप ते स्वतःच होते.

यावरून अमरावतीचीच एक गोष्ट आठवते. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाचा प्रश्न पेटलेला होता. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आदल्याच दिवशी मुंबईत त्यांचे थोरले बंधू बाळाराम वारले होते. परिषदेने दुखवट्याचा ठराव केला आणि परिषदेचे काम बाबासाहेबांनी पुढे चालवले. एक बॅरिस्टर, एक निरक्षर. एक सुटात, एक चिंध्यांत. गर्दीपुढे उभे राहिल्यावर घरचे दुःख कुठे ठेवायचे, हे दोघांनाही सारखेच ठाऊक होते.

दोघांमधला जिव्हाळा नुसत्या शब्दांचा नव्हता. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांना कोणी ओसरी देत नसे, तिथे बाबांनी लोकवर्गणीतून चोखामेळा धर्मशाळा उभी केली होती. १९४९ मध्ये ती वास्तू त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. कीर्तनातही शिक्षणाचा विषय निघाला की आवाज बदलत असे. जेवायचे ताट मोडा, भाकर हातावर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, असे सांगून झाले की उदाहरण बाबासाहेबांचे येई. शिकलेला माणूस देशाची घटना लिहितो, हे बाबा अभिमानाने सांगत. विठ्ठलाच्या वारकऱ्यांपुढे हे नाव त्या काळी इतक्या मोठ्याने घेणारा कीर्तनकार दुसरा कोण होता?

१९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांनी आंबेडकरी जलसा उभा केला. त्यांनीही तेच केले होते, तमाशाचा साचा घेऊन त्यातली गवळण काढली आणि माणूस आणला. आज १४ एप्रिलला आपल्या मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात. आवाज एवढा की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. बाबांच्या कीर्तनात शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला प्रश्न कळत असे आणि ती उत्तर देत असे. आपल्या पोरांना हे कोणी ऐकवले आहे काय?

ऐकवता येण्यासारखे आहे. बाबांचे एक कीर्तन ध्वनिमुद्रित झालेले आहे, नोव्हेंबर १९५६ मधले, मुंबईत वांद्रे येथले. वय ८० वर्षांचे, शरीर थकलेले. आवाज फाटलेला आहे, मधे धाप लागते. तरी प्रश्न पडला की समोरून शेकडो गळे एकदम उत्तर देतात, ते स्पष्ट ऐकू येते. अमरावतीच्या विद्यापीठाला आज बाबांचे नाव आहे. तिथल्या नाट्य आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी संवादफेक शिकण्यासाठी इंग्रजी पुस्तके चाळण्याआधी हा तास-दीड तास कान देऊन ऐकावा. एकच माणूस किती आवाजांत बोलतो, कुठे थांबतो, लोकांच्या उत्तरावर किती क्षण गप्प राहतो, हे वहीत टिपून घ्यावे.

त्या कीर्तनानंतर महिनाही झाला नाही, तोच ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. बाबांची प्रकृती आधीच ढासळली होती. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांना घेऊन गाडी अमरावतीकडे येत होती. वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, गाडीतच, त्यांचा श्वास थांबला. अमरावती अगदी जवळ आली होती.