स्वामी रामानंद तीर्थ : एक आदर्श मुख्याध्यापक

पुरेसा पैसा व सुंदर इमारत असूनहि शिक्षकांत एकोपा नसेल, तर शाळा फार दिवस नांवारूपास राहत नाहीं. उलटपक्षीं, द्रव्यबळ नसतां केवळ शिक्षकांच्या एकदिलानें चाललेल्या शाळा आपल्या मराठवाड्यांत होऊन गेल्या. अशा दोन शाळांची धुरा वाहणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थ यांचें चरित्र विद्यार्थिबंधूंनीं व भगिनींनीं अवश्य मनन करावें.

स्वामीजींचें पूर्वाश्रमींचें नांव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म 3 ऑक्टोबर 1903 रोजीं विजापूर जिल्ह्यांतील सिंदगी येथें झाला. सोलापूर, अमळनेर व पुणें येथें त्यांचें शिक्षण झालें. 1920 मध्यें लोकमान्य टिळक निवर्तले, तेव्हां आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा निश्चय त्यांनीं केला. पुढें कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखालीं काम करतांना श्रमकऱ्यांचीं सुखदुःखें त्यांनीं जवळून पाहिलीं.

1929 मध्यें ते उस्मानाबाद (हल्लींचें धाराशिव) जिल्ह्यांतील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक झाले. ही शाळा 1921 मध्यें निघाली होती. निजामी राज्यांत खाजगी शाळांस सरकारी परवानगीचें बंधन असे व सरकारी शिक्षणांत उर्दूचें प्राबल्य होतें. राष्ट्रीय शाळेच्या शिक्षकास मोठ्या पगाराची किंवा बढतीची आशा नव्हती. अशा स्थितींत माणसें टिकवावयाचीं कशीं? स्वामीजींनीं जें इतरांकडून अपेक्षिलें, तें प्रथम स्वतः आचरिलें. हिप्परग्यास असतांनाच त्यांनीं संन्यास घेतला. ज्या वरिष्ठानें स्वतःकरितां कांहींच राखून ठेविलें नाहीं, त्याचा शब्द सहकारी आनंदानें झेलतात. तथापि हा मार्ग सर्वांस सारखा लागू पडत नाहीं. प्रपंच असलेल्या शिक्षकास योग्य वेतन मिळालेंच पाहिजे. त्याच्या त्यागावरच संस्था चालविणें न्याय्य नव्हे.

1935 मध्यें स्वामीजी अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयांत आले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे कर्तबगार सहकारी त्यांस दोन्ही ठिकाणीं लाभले. हाताखालच्या माणसांवर जबाबदारी टाकून त्यांस मोठें करणें हें खऱ्या मुख्याध्यापकाचें लक्षण होय.

1938 मध्यें मात्र कसोटीची वेळ आली. हैदराबाद संस्थानांत नागरिकांच्या हक्कांसाठीं सत्याग्रह सुरू होत होता. एकीकडे जिवापाड जपलेली शाळा, दुसरीकडे देशकार्य. मुख्याध्यापकच तुरुंगांत गेल्यास शाळेवर सरकारची वक्रदृष्टि होणार, हें उघड होतें. स्वामीजींनीं शाळेचा निरोप घेतला व कारावास पत्करला. 1917 मध्यें स्थापन झालेली ती संस्था पुढेंहि चालूं राहिली व वाढली.

पुढें ते हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष झाले. 17 सप्टेंबर 1948 रोजीं संस्थान मुक्त झालें. 1950 मध्यें नांदेड येथें पीपल्स कॉलेज निघालें, त्यामागेंहि त्यांचीच प्रेरणा होती. 22 जानेवारी 1972 रोजीं हैदराबाद येथें ते कैलासवासी झाले. 1994 मध्यें नांदेड येथें स्थापन झालेल्या विद्यापीठास त्यांचेंच नांव देण्यांत आलें.

मुख्याध्यापक आसनावर असेतोंपर्यंत शाळा नीट चालते, यांत नवल नाहीं. तो निघून गेल्यावरहि ती सुरळीत चालावी, इतकीं माणसें त्यानें घडविलीं असावींत. स्वामीजींच्या चरित्रापासून आपण घ्यावयाचा बोध हाच आहे.