वतनाचा मान आणि सरदाराचे प्राण

वाशीम जिल्ह्यातील मालेगावहून मेहकरमार्गे पश्चिमेस निघालेला रस्ता सिंदखेड राजावरून पुढे जालन्याकडे जातो. या टापूतील गावांची नुसती नावे वाचत गेले तरी जुन्या सत्तेची चाहूल लागते. मालेगावालाच जहांगीर हे उपपद जोडलेले आहे. त्याच तालुक्यात किन्हीराजा आहे; पुढे बुलढाणा जिल्ह्यात किनगाव राजा, आडगाव राजा, मेहुणा राजा, देऊळगाव राजा अशी मालिकाच लागते. युरोपातील उमरावांनी आपली कुलचिन्हे ढालींवर रंगविली. आपल्याकडे घराण्यांचा मान गावांच्या नावांना चिकटून राहिला. सिंदखेडभोवतीच्या या वैभवामागे जे जाधव घराणे उभे आहे, त्याचा कर्ता पुरुष म्हणजे लखुजी जाधवराव. जिजाबाईंचे वडील आणि शिवाजी महाराजांचे आजोबा एवढ्यावरच त्यांची ओळख आटोपली जाते. वस्तुत: दख्खनमधील सरदारीचे बळ कशात होते आणि तिची दुबळी बाजू कोणती होती, हे त्यांच्या चरित्राइतके स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसते.

जाधव हे देवगिरीच्या यादवांचे वंशज, अशी या घराण्याची धारणा होती. लखुजींच्या हाती सिंदखेडची देशमुखी होती. देशमुख हा परगण्याचा वंशपरंपरागत अधिकारी. वसुलावर त्याचा ठरलेला हक्क, इनाम जमिनी, सणासमारंभात पहिला मान, आणि कागदावर उमटविण्यासाठी स्वत:चा शिक्का. ज्याच्यापाशी शिक्का नसे त्याची निशाणी असे. जुन्या महजरांवर पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला आढळतो, कोठे कट्यार आढळते. कुळाची आणखी एक खूण म्हणजे देवक. कळंब, पंचपल्लव, मोरपीस, तलवारीचे पाते अशी देवके लग्नात पुजली जातात आणि एकच देवक अनेक आडनावांत असते. हे सारे आपले कुलचिन्हशास्त्रच होय. त्यावर कोणी जाडजूड ग्रंथ रचले नाहीत, एवढेच.

या मानापानाची धार किती तीव्र होती याची एक कथा बखरींनी सांगितली आहे. रंगपंचमीच्या बैठकीत लहानग्या शहाजीने आणि जिजाबाईने एकमेकांवर रंग उधळला, लखुजी कौतुकाने जोडा शोभतो असे म्हणून गेले, आणि मालोजी भोसल्यांनी सर्वांदेखत तो शब्द धरून ठेवला. लखुजींच्या पत्नी म्हाळसाबाईंना ही सोयरीक मानवली नाही. वेरूळच्या पाटलाचे घर त्यांना आपल्या तोलाचे वाटेना. कथेचा तपशील बखरकाराच्या पदरचा असू शकेल. मात्र निजामशाहीत मालोजींचा दर्जा वाढल्यावरच हा विवाह झाला, हा कथेचा गाभा त्या समाजाचा हिशेब नेमका सांगतो. पुढे दौलताबादेस खंडागळे सरदाराचा हत्ती बिथरला आणि त्या गर्दीत सोयऱ्यांतच तलवारी चालल्या. लखुजींचा मुलगा दत्ताजी आणि भोसल्यांकडील संभाजी हे दोघे त्यात पडले.

लखुजी निजामशाहीचे थोर सरदार. पण मलिक अंबर या वजिराशी त्यांचे पटले नाही. १६२१ च्या सुमारास ते मोगलांना जाऊन मिळाले. मोगल इतिहासातील नोंदीप्रमाणे त्यांच्या घराण्यातील मुले, नातू आणि नातलग मिळून चोवीस हजार जात आणि पंधरा हजार स्वारांच्या मनसबी होत्या. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीची लढाई झाली, तेव्हा लखुजी मोगलांच्या बाजूस होते आणि त्यांचे जावई शहाजीराजे अंबरच्या बाजूस. जय अंबरचा झाला. १६२६ मध्ये अंबर वारला आणि लखुजी पुन्हा निजामशाहीकडे वळले.

या येण्याजाण्याला आज फितुरी म्हणणे सोपे आहे. परंतु मनसब आणि वतन यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. मनसब म्हणजे चाकरी. ती बादशहाने द्यावी, बादशहाने काढावी. वतन ही मुळे. धनी बदलला तरी सिंदखेडचा वसूल, तेथील माणसे आणि तेथून उभे राहणारे घोडदळ जाधवांचेच राहत होते. म्हणून प्रत्येक सत्तेला लखुजी हवेहवेसे वाटत आणि म्हणूनच प्रत्येक सत्तेला त्यांची धास्तीही वाटे. (या घोडदळाचा दाणागोटा अखेर ज्या रयतेच्या खळ्यावरून येई, तिचे मत कोणी विचारले नाही, हे ओघाने आलेच.)

त्याच काळात पोलंडमधील सरदारवर्ग काय अनुभवत होता, हे पाहण्यासारखे आहे. तेथेही एकच कुलचिन्ह अनेक घराणी धारण करीत, अगदी आपल्या देवकासारखे. १४१३ मध्ये होरोद्लो येथे सत्तेचाळीस पोलिश घराण्यांनी लिथुआनियाच्या सरदारांना आपल्या चिन्हांत सामावून घेतले. पण त्या चिन्हामागे कायद्याचे पाठबळ होते. १४३० आणि १४३३ च्या सनदांनी राजावर बंधन घातले होते की, न्यायालयाच्या निर्णयावाचून जमीनदार सरदारास अटक करता येणार नाही. रादवान हे चिन्ह धारण करणाऱ्या मिकोलाय झेब्झिदोव्स्की याने १६०६ मध्ये राजा तिसऱ्या सिगिस्मुंडविरुद्ध उघड बंड पुकारले. १६०७ मध्ये रणांगणावर त्याचा पराभव झाला; तरीही १६०९ मध्ये तेथील लोकसभेने बंडवाल्यांना माफी दिली. ही सूट मूठभरांची होती, कुळांच्या मानेवरचे जू तिने तसूभरही हलके केले नाही. तथापि पराभूत बंडखोर जिवंत राहिला.

लखुजींनी बंड केले नव्हते. २५ जुलै १६२९ रोजी ते दौलताबादच्या किल्ल्यात निजामशहाला मुजरा करण्यासाठी गेले, सोबत अचलोजी आणि राघोजी ही मुले आणि नातू यशवंतराव. निजामशहा आत निघून गेला आणि दबा धरून बसलेले मारेकरी चालून आले. तलवारी उपसून चौघेही लढले आणि चौघेही तेथेच पडले. आरोप नाही, चौकशी नाही, निवाडा नाही. यादवांच्या राजधानीतच त्यांचा वंश सांगणाऱ्या सरदाराचा असा शेवट झाला. किल्ल्याखालच्या छावणीत ही वार्ता कळताच म्हाळसाबाई आणि लखुजींचे बंधू जगदेवराव उरलेली माणसे घेऊन निसटले आणि त्यांनी सिंदखेड गाठले. कन्या जिजाबाई त्या वेळी गरोदर होत्या. पुढील फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला.

निजामशहाने एक संशयित सरदार संपविला, पण सिंदखेडचे वतन आणि त्यामागची फौज त्याच्या हाती लागली नाही. जाधव मोगलांकडे गेले. शहाजीराजांनीही सासऱ्याच्या खुनानंतर निजामशाही सोडली. त्यातच १६३० चा भीषण दुष्काळ दख्खनवर कोसळला. थोड्याच काळात मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याने त्या निजामशहाचाच जीव घेतला. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती पडले. शहाजीराजांनी त्या वंशातील एका बालकाला गादीवर बसवून राज्य तगविण्याची शर्थ केली, परंतु १६३६ मध्ये निजामशाही बुडाली ती कायमची.

आजोबांच्या या कथेचा नातवाच्या धोरणावर किती परिणाम झाला, हे कोणी मोजून सांगू शकणार नाही. मात्र शिवाजी महाराजांनी चाकरीचा मोबदला शक्यतो रोख वेतनात दिला आणि वतनदारांच्या गढ्या-कोटांना आळा घातला, हे सभासदाच्या बखरीत नमूद आहे. राजाराम महाराजांच्या काळी, औरंगजेबाच्या फौजा मुलखात पसरल्या असता, सरदारांना धरून ठेवण्यासाठी वतने पुन्हा मुक्तहस्ते द्यावी लागली. त्या धामधुमीत मराठ्यांच्या सेनापतिपदापर्यंत चढलेले धनाजी जाधव हे दौलताबादेस पडलेल्या अचलोजींच्याच वंशातले होते. सिंदखेडला लखुजींची भव्य समाधी आहे. दरवर्षी १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी तेथे लोटणारी गर्दी राजवाड्याकडे जाते. समाधीकडे त्यातले थोडेच वळतात.