सआदत हसन मंटो : घरातल्या उपमेतून काळोख दाखवणारी कलम

धारूरच्या आमच्या नववीच्या वर्गाला आम्ही एकदा लेखनाचा विषय दिला. माणसाला माणसाचीच भीती वाटते, असं एक शहर रंगवा. अशा उलट्या झालेल्या जगाच्या कथेला आज डिस्टोपियन कथा म्हणतात. वह्या आल्या. जवळपास सगळ्यांत रात्र राक्षसासारखी काळी होती आणि शांतता स्मशानासारखी. वाचून भीती मात्र कुठेच वाटली नाही. तेव्हा वह्या बाजूला ठेवून आम्ही मुलांना मंटोंची जिंदगी सांगायला घेतली.

सआदत हसन मंटो यांचा जन्म ११ मे १९१२ रोजी लुधियाना जिल्ह्यातल्या समराला इथे, मूळच्या काश्मिरी घराण्यात झाला. वडील न्यायखात्यात, शिस्तीचे कडक. मुलगा अमृतसरला वाढला. अभ्यासात यथातथाच, मॅट्रिकला नापास झालेला. पुढे अब्दुल बारी यांच्यासारखा उस्ताद भेटला. त्यांनी वाचनाची गोडी लावली आणि व्हिक्टर ह्युगोच्या पुस्तकाचा उर्दू तर्जुमा करायला बसवलं. तिथून कलम चालू झाली ती शेवटपर्यंत थांबली नाही.

१९१९ साली जालियनवाला बाग घडली, तेव्हा मंटो अमृतसरमधलं सहा वर्षांचं पोर होतं. त्यांची पहिली कथा ‘तमाशा’ त्याच दिवसांवर आहे. त्यातला लहानगा खालिद शहरातल्या गोळीबाराला तमाशा समजतो. मोठी माणसं घाबरलेली आहेत आणि मुलाला मौज वाटते आहे. वाचणाऱ्याचा थरकाप उडतो तो नेमका इथे.

१९३६ च्या सुमारास मंटो मुंबईत आले. ‘मुसव्विर’ साप्ताहिकाचं संपादन केलं, चित्रपटांच्या कथा आणि संवाद लिहिले. १९३९ साली सफियांशी निकाह झाला. मधली दीडेक वर्षं दिल्लीच्या रेडिओवर नोकरी केली. तिथेच पहिला मुलगा आरिफ तान्हेपणी गेला. त्यानंतर ते पुन्हा मुंबईत परतले. भायखळ्याची चाळ, तिथला टांगेवाला, कामाठीपुऱ्यातली बाई ही सगळी माणसं त्यांनी जवळून पाहिली आणि कथेत आणली. या शहरावर त्यांचा जीव होता. तरी फाळणीच्या वातावरणात त्यांना ते सोडावं लागलं. जानेवारी १९४८ मध्ये ते लाहोरला गेले.

त्याच वर्षी ‘सियाह हाशिये’ हा छोट्या-छोट्या लघुकथांचा संग्रह आला. दंगलीवरच्या या कथा कधी पानभर, तर कधी दोनच ओळींच्या. त्यातली ‘जेली’ आम्ही वर्गात सांगितली. गाडीवर बर्फ विकणाऱ्याला सकाळी कोणीतरी भोसकतं. बर्फ वितळून त्याच्या अंगावर ठिबकत राहतो. पोलीस प्रेत उचलून नेतात, पण रस्त्यावर बर्फात मिसळलेलं रक्त गोठून राहतं. टांग्यातून जाणारं एक लेकरू ते पाहतं आणि आईची बाही ओढून दाखवतं की ही बघ जेली.

कथा तिथेच संपते. मारणारा कोण, मरणारा कोणत्या धर्माचा, याचा एक शब्द नाही. सगळं काम ती एक उपमा करते. जेली ही दस्तरखानावरची, मुलांच्या लाडाची चीज. तीच जेव्हा रस्त्यावरच्या रक्ताला लागू होते, तेव्हा जग किती बिघडलंय ते वेगळं सांगावं लागत नाही. राक्षस आम्ही कोणीच पाहिलेला नाही, म्हणून त्याची उपमा भिववत नाही. जेली मात्र सगळ्यांनी खाल्लेली असते.

मंटोंना यासाठी भविष्यातलं शहर कल्पावं लागलं नाही. ते त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. ‘टोबा टेक सिंग’मध्ये वेड्यांच्या इस्पितळातल्या माणसांचीही दोन देशांत वाटणी होते, आणि वाचताना प्रश्न पडतो की वेडं नक्की कोण. लिहिण्याची किंमतही त्यांनी मोजली. अश्लीलतेचे सहा खटले चालले, तीन फाळणीआधी आणि तीन नंतर. तंगी आली, दारूने शरीर पोखरलं. १८ जानेवारी १९५५ रोजी लाहोरमध्ये त्यांचा इंतकाल झाला. वय फक्त ४२. मागे सफिया आणि तीन मुली राहिल्या.

त्यांची दारू काही शिकण्यासारखी नाही, हेही आम्ही मुलांना स्पष्ट सांगितलं. शिकण्यासारखी आहे ती नजर. दंगलीवर लिहूनही त्यांनी कोणत्या एका कौमेविरुद्ध नफरत पेरली नाही. जे दिसलं ते दाखवलं, निवाडा वाचणाऱ्यावर सोडला.

पुढच्या आठवड्यात वह्या पुन्हा आल्या. एका मुलीने राक्षस खोडला होता. आमच्या बालाघाटातली माणसं ऊसतोडीला गेल्यावर कुलपं लागलेली घरं तिने लिहिली होती, मांडणीवर पालथ्या ठेवलेल्या ताटांसारखी. ते वाचून वर्ग गप्प झाला.

आमच्या घरांतल्या बुजुर्गांकडेही भीतीच्या दिवसांच्या कितीतरी आठवणी आहेत. त्या बहुतेक न बोलताच कबरीत जातात. मुलांना त्या विचारू द्या, आणि आपल्याच घरातल्या शब्दांत लिहू द्या. मंटोंची खरी याद तीच ठरेल. अल्लाह त्यांची मगफिरत करो.