दुधाच्या कॅनमध्ये पुरून ठेवलेला इतिहास

मे १९४२. पोलंडची राजधानी वॉर्सा जर्मनांच्या ताब्यात होती आणि शहरातल्या ज्यूंना भिंत घालून एका वस्तीत, म्हणजे घेट्टोत, कोंडलेले होते. त्या महिन्यात जर्मनांचे एक चित्रीकरण पथक तिथे आले. पथकाने सुखवस्तू दिसणाऱ्या ज्यूंना गोळा केले, त्यांना भरल्या ताटावर बसवले, भुकेल्या मुलांकडे न बघता पुढे जायला लावले. आपल्याच गरिबांची पर्वा नसलेला हा समाज आहे, असे जगाला दाखवायचे होते. उपासमार ज्यांनी घडवली, तेच तिचा दोष उपाशी माणसांच्या माथी मारत होते.

त्याच भिंतीच्या आत तेव्हा आणखी एक नोंद लिहिली जात होती. ती लिहिणाऱ्यांचा प्रमुख होता इमॅन्युएल रिंगेलब्लूम नावाचा इतिहासकार. तो जितका अभ्यासक होता तितकाच कार्यकर्ताही होता, म्हणून त्याचे आयुष्य आपल्यासारख्यांनी जाणून घ्यायला हवे.

रिंगेलब्लूमचा जन्म २१ नोव्हेंबर १९०० रोजी बुचाच या गावी झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते, आज युक्रेनमध्ये आहे. शिकायला तो वॉर्साला आला आणि मध्ययुगीन वॉर्सातील ज्यूंच्या इतिहासावर त्याने १९२७ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पोटासाठी शाळेत शिकवायचे आणि उरलेला वेळ डाव्या विचारांच्या कामगार पक्षाला द्यायचा, असा त्याचा क्रम होता. इतिहास म्हणजे धर्मगुरू आणि धनिकांची चरित्रे नव्हेत, शिंपी, हमाल, फेरीवाले यांचे जगणेही त्यात आले पाहिजे, हे त्याचे ठाम मत होते. ते जगणे नोंदवण्याचे काम फक्त विद्वानांचे नाही, सामान्य माणसांनीच ते हाती घ्यावे, असेही तो मानत असे.

ऑक्टोबर १९३८ मध्ये जर्मनीने हजारो पोलिश ज्यूंना एका फटक्यात सीमेपार हाकलले. त्यांतले कित्येक हजार झ्बोंशिन या सीमेवरच्या गावी अडकून पडले. मदतकार्यासाठी रिंगेलब्लूमला तिथे पाठवले गेले. अंथरूण-पांघरूण आणि अन्नाची सोय लावता लावता त्याने या लोकांच्या हकिगतीही टिपून घेतल्या. मदत आणि नोंद ही दोन्ही कामे हातात हात घालून करायची, ही त्याची पद्धत इथेच पक्की झाली.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर हल्ला केला, तेव्हा अनेक ज्यू पुढारी वॉर्सा सोडून गेले. रिंगेलब्लूम राहिला. नोव्हेंबर १९४० मध्ये घेट्टोची दारे बंद झाली. आत चार लाखांहून अधिक माणसे होती. त्यांच्या मदतीसाठी प्रत्येक इमारतीत रहिवाशांची समिती उभी राहिली, सूप वाटणारी स्वयंपाकघरे चालू झाली. या मदतकार्यात तो आघाडीवर होता. घेट्टो बंद झाल्यावर आठवडाभरातच त्याने एक गुप्त गटही बांधला. बैठका शनिवारी होत, म्हणून गटाचे नाव ठेवले ओनेग शब्बात, म्हणजे शब्बाथचा आनंद. नाव ऐकून कुणाला संशय येण्याचे कारण नव्हते.

या गटात लेखक होते, शिक्षक होते, अर्थतज्ज्ञ होते, कारकून होते. त्यांनी रोजनिशा, शाळकरी मुलांचे निबंध, भूमिगत वृत्तपत्रे, जर्मन फर्मानांचे कागद, शिधापत्रिका, ट्रामची तिकिटे, अगदी चॉकलेटची वेष्टनेही जमवली. स्त्रियांच्या जगण्यावर स्वतंत्र अभ्यास हाती घेतला. रिंगेलब्लूमचा एक आग्रह होता : जे घडते ते लगेच लिहा आणि आपल्या लोकांचे दोषही झाकू नका. म्हणूनच घेट्टोतल्या ज्यू पोलिसांची लाचखोरी, श्रीमंत-गरिबांमधली दरी, आपल्याच मंडळींचा निर्दयपणा हेही या कागदांत आहे. जर्मन कॅमेरा ज्यूंना बदनाम करत होता. त्याला उत्तर म्हणून स्वतःच्या समाजाचे गोडगोड चित्र काढणे सोपे होते. या गटाने ते केले नाही.

मदतकार्यातली सर्वांत कठीण गोष्टही त्याने लिहून ठेवली. अन्न इतके कमी होते की सगळ्यांना थोडे थोडे दिले तर कुणीच जगत नव्हते. मग मोजक्या लोकांना पुरेसे द्यायचे का? आणि ते मोजके निवडायचे कुणी? लेखिका राहेल आउएरबाख असेच एक स्वयंपाकघर चालवत होती. तिच्याकडे रोज जेवायला येणारी माणसेही हळूहळू मरत होती. जुलै १९४२ पर्यंत घेट्टोत भुकेने आणि रोगराईने ८० हजारांहून अधिक बळी गेले. या प्रश्नाचे उत्तर रिंगेलब्लूमकडे नव्हते, तरी त्याने तो टाळला नाही. सामाजिक काम करणाऱ्या कुणालाही हे वाचून झोप लागणार नाही.

१९४२ च्या सुरुवातीला खेल्म्नो येथील मृत्युछावणीतून निसटलेला एक तरुण वॉर्सात पोहोचला. बंद गाड्यांमध्ये विषारी वायू सोडून माणसे कशी मारली जातात, हे त्याने सांगितले. गटाने त्याची साक्ष लिहून घेतली आणि पोलिश भूमिगत चळवळीमार्फत बाहेर धाडली. जूनमध्ये लंडनच्या रेडिओवर ज्यूंच्या हत्याकांडाची बातमी आली, तेव्हा आपले काम वाया गेले नाही, असे रिंगेलब्लूमला वाटले. पण जग हलले नाही. २२ जुलैपासून दोन महिन्यांत घेट्टोतून सुमारे २ लाख ६५ हजार माणसे त्रेब्लिंकाला नेऊन मारली गेली.

ही धरपकड चालू असतानाच, ऑगस्टच्या सुरुवातीला, इस्राएल लिख्टेनस्टाइन या शिक्षकाने आपल्या दोन तरुण विद्यार्थ्यांच्या मदतीने कागदांनी भरलेल्या दहा पत्र्याच्या पेट्या एका शाळेच्या तळघरात पुरल्या. आपण वाचणार नाही, हे तिघांनाही कळत होते. फेब्रुवारी १९४३ मध्ये दुसरा साठा दुधाच्या दोन मोठ्या कॅनमध्ये भरून पुरला गेला.

रिंगेलब्लूम पत्नी आणि मुलासह १९४३ च्या सुरुवातीला घेट्टोबाहेर पडला होता, पण एप्रिलमध्ये तो पुन्हा आत गेला. १९ एप्रिलला घेट्टोतल्या तरुणांनी सशस्त्र उठाव केला. त्या धामधुमीत तो पकडला गेला आणि त्राव्निकीच्या श्रमछावणीत पोहोचला. एका पोलिश रेल्वे कर्मचाऱ्याने आणि एका ज्यू तरुणीने त्याला तिथून सोडवले. मग मिएचिस्लाव वोल्स्की या पोलिश माळ्याने काचगृहाखाली खणलेल्या तळघरात सुमारे ४० ज्यूंसह त्याचे कुटुंब लपले. तिथेही तो लिहीतच होता. ७ मार्च १९४४ रोजी जर्मनांना ती जागा सापडली. सगळ्यांना पावियाक तुरुंगात नेले आणि काही दिवसांतच गोळ्या घातल्या. आश्रय देणाऱ्या वोल्स्कीलाही त्यांनी सोडले नाही. तुरुंगात रिंगेलब्लूमला एकट्याला वाचवण्याची तयारी झाली होती, पण मुलाला मागे ठेवून जायला तो तयार झाला नाही, अशी आठवण तिथल्या एका कैद्याने नोंदवली आहे.

युद्धानंतर त्या गटातले तिघेच उरले : राहेल आउएरबाख, हेर्श वासर आणि त्याची पत्नी ब्लूमा. त्यांच्या पाठपुराव्यामुळे ढिगाऱ्यांखाली खोदकाम झाले. सप्टेंबर १९४६ मध्ये पेट्या सापडल्या, डिसेंबर १९५० मध्ये कॅन सापडले. तिसरा साठा सापडलेला नाही. मिळालेल्या कागदांची नोंद १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत झाली.

आणि ते जर्मन चित्रीकरण? ते अर्धवटच राहिले. पुढे त्याची आवाज नसलेली रिळे मिळाली आणि त्यातले तुकडे अनेक माहितीपटांत घेट्टोचे खरे चित्र म्हणून वापरले गेले. १९९८ मध्ये आणखी एक रीळ हाती आले. त्यात तेच दृश्य पुन्हापुन्हा घेतलेले दिसले आणि बनाव उघडा पडला. दिग्दर्शिका याएल हेर्सोन्स्की हिने २०१० मधल्या आपल्या माहितीपटात या रिळांशेजारी घेट्टोतल्या माणसांच्या रोजनिशा ठेवल्या. २०१८ मध्ये रॉबर्टा ग्रॉसमन हिने रिंगेलब्लूमच्या गटावरच चित्रपट केला.

उठावातल्या तरुणांच्या बंदुका आपल्याला लक्षात राहतात आणि राहायलाही हव्यात. पण त्याआधी अडीच वर्षे काही माणसे उपाशीपोटी लिहीत होती, हाही प्रतिकारच होता. वस्तीत अत्याचार घडला की आपण धावून जातो, निवेदने देतो, मोर्चे काढतो. त्या रात्री कोण काय म्हणाले, कुणाच्या घरात काय उरले, आपलेच कोण गप्प बसले, हे मात्र बहुधा लिहायचे राहून जाते. ते आपण लिहिले नाही, तर उद्या दुसऱ्याच्या कॅमेऱ्यातले तेवढेच खरे मानले जाईल.