मोल्सवर्थसाहेब आणि आपली क्रियापदं

कॅम्पस इंटरव्ह्यू जवळ आले की हॉस्टेलमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. 'से', 'टेल', 'स्पीक', 'टॉक' यात नेमका फरक काय? मी कॉन्व्हेंटची, म्हणून तो माझ्याकडे येतो. डिक्शनरी उघडली तर चौघांपुढे फिरून फिरून 'बोलणे' नाहीतर 'सांगणे'. मग मराठी मीडियमच्या मुलींना वाटतं, आपलं डोकंच इंग्लिशचं नाही. मला हे पटत नाही, कारण हेच कोडं उलट्या बाजूने सोडवत बसलेला एक इंग्रज आपल्या सोलापुरात राहून गेलाय!

जेम्स थॉमस मोल्सवर्थ. जन्म १७९५ चा. वयाच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे आपण दहावी देतो त्या वयात, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत हिंदुस्थानात आले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, सोलापूरचा किल्ला इंग्रजांकडे गेला. त्याच सुमारास मोल्सवर्थ इथल्या छावणीत होते आणि इथेच त्यांनी मराठी शब्द जमवायला सुरुवात केली. हाताशी धड कोश नाही. शब्द गोळा करायचे ते माणसांकडून.

आता त्यांची अडचण बघा. इंग्लिशमध्ये सगळं 'वेअर'. आपल्याकडे साडी नेसतात, शर्ट घालतात, चष्मा लावतात, बांगड्या भरतात. 'ब्रेक' एकच, पण आपली दोरी तुटते, घागर फुटते आणि खुर्ची मोडते. सोलापुरी चादर खाली असेल तर अंथरलेली, अंगावर असेल तर पांघरलेली. आपल्याला हे कुणी शिकवलं? कुणीच नाही. क्रियापद कुणाच्या सोबतीने येतं ते आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. परक्या माणसाला मात्र ती सोबत लिहून ठेवावी लागते, आणि मोल्सवर्थांच्या कोशात नुसता अर्थ नाही, शब्द कुठे वापरतात तेही दिलेलं सापडतं.

इंग्लिशलाही हीच युक्ती लागू पडते. 'टेल'ला लगेच ऐकणारा माणूस लागतो, 'टेल मी', 'टेल हर'. 'से'ला बोललेले शब्द लागतात, माणूस आणायचाच तर मध्ये 'टू' घालायचा. 'स्पीक'बरोबर भाषा येते, 'टॉक' म्हणजे सहसा दोघांच्या गप्पा. अर्थ पाठ करण्यापेक्षा हे जोडीने लिहिलेलं बरं, असा माझा अनुभव.

पुढे सरकारने मोल्सवर्थांचं काम अधिकृतपणे हाती घेतलं. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे भाऊ आणि मराठी पंडित मदतीला आले. १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश मुंबईत छापून निघाला, सुमारे ४०,००० शब्दांचा! ना कॉम्प्युटर, ना 'कंट्रोल एफ'. लगेच इंग्रजी-मराठी कोश सुरू केला, पण तब्येतीने दगा दिला आणि १८३६ मध्ये त्यांना मायदेशी परतावं लागलं. तो कोश थॉमस कँडींनी १८४७ मध्ये पुरा केला. धर्मश्रद्धेपायी मोल्सवर्थांनी लष्करी नोकरीही सोडली.

एवढ्यावर कुणीही थांबलं असतं. पण १८५१ मध्ये पन्नाशी उलटलेले मोल्सवर्थ पुन्हा समुद्र ओलांडून आले, केवळ आपलाच कोश सुधारायला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द साठ हजारांवर गेले. १८७१ मध्ये ते इंग्लंडमध्ये वारले. १९७५ मध्ये पुण्यात हा कोश पुन्हा छापला गेला आणि आता शिकागो विद्यापीठाच्या साइटवर तो फुकट बघता येतो. शोधताना जुन्या पद्धतीने शेवटी अनुस्वार द्या, 'नेसणें'.