सनदा कातरणारा खलीफा

दर जुमाला दुसऱ्या खुत्ब्याच्या अखेरीस इमाम सूरह नहलची 90 वी आयत पठण करतात. ती तुमच्या कानांच्या ओळखीची आहे. न्याय करावा, भलाई करावी, नातलगांना द्यावे आणि निर्लज्जपणा, दुष्कृत्य व जुलूम यांपासून दूर राहावे, असा तिचा आशय. ही आयत खुत्ब्यात कशी आली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. बनू उमय्यांच्या राजवटीत मिंबरांवरून हजरत अली (रजि.) यांची निंदा करण्याचा प्रघात पडला होता. हिजरी 99 मध्ये खिलाफतीवर आलेल्या एका पुरुषाने तो बंद केला आणि त्या जागी ही आयत वाचण्यास सांगितले, असे इतिहासकार नमूद करतात. ते पुरुष म्हणजे हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.).

त्यांच्या चरित्रातील दिव्याची गोष्ट तुम्ही लहानपणी मकतबमध्ये ऐकली असेल. राज्याचे काम चालू असेतोवर बैतुलमालच्या तेलाचा दिवा; घरगुती बोलणे निघाले की तो विझवून स्वतःचा दिवा. गोष्ट सुंदर आहे, पण ती इतक्या वेळा सांगितली जाते की तिच्याआड त्यांचे खरे कार्य झाकले जाते. दिव्यात तेल जळून जळणार किती? ज्या माणसाने आपल्याच घराण्याच्या जहागिरी एकेक करून परत करविल्या, त्याला आपण एका दिव्याएवढे लहान करून ठेवले आहे.

त्यांचा जन्म हिजरी 61 च्या सुमाराचा, आणि तो सत्तेच्या मांडीवर झालेला. वडील अब्दुल अजीज बिन मरवान सुमारे 20 वर्षे मिसरचे सुभेदार होते. चुलते अब्दुल मलिक खलीफा. पुढे चुलतभाऊ वलीद आणि त्यानंतर सुलैमान खलीफा झाले. पत्नी फातिमा ही अब्दुल मलिक यांची कन्या, म्हणजे खलीफाची मुलगी आणि खलीफांची बहीण. आईकडून मात्र त्यांच्या अंगात हजरत उमर फारूक (रजि.) यांचे रक्त होते. रात्रीच्या गस्तीत दुधात पाणी घालण्यास आईला नकार देणाऱ्या ज्या मुलीला हजरत उमर (रजि.) यांनी आपली सून करून घेतले, असे सांगतात, तीच यांची आजी.

वडिलांनी शिक्षणासाठी त्यांना मदीनेत ठेवले. गुरू सालेह बिन कैसान यांच्या लक्षात आले की मुलगा एकदा नमाजला मागे राहिला. कारण विचारले तर केस विंचरीत होता. ही बातमी मिसरला कळली, आणि सुभेदारपित्याने माणूस पाठवून मुलाचे डोके भादरविले. शिस्त अशी होती, तरी ऐषआराम सुटला नव्हता. तरुणपणी त्यांची वस्त्रे, अत्तर आणि चाल यांची मदीनेत चर्चा होई. हिजरी 87 (इ.स. 706) मध्ये वलीदने त्यांना मदीनेचा सुभेदार नेमले, तेव्हा त्यांचे सामान 30 उंटांवरून आले, असे वर्णन आहे.

त्याच मदीनेत त्यांनी दहा फकीहांना जवळ बसवून घेतले आणि त्यांच्या सल्ल्याविना महत्त्वाचा निर्णय करावयाचा नाही असे ठरविले. त्या दहांत उरवा बिन जुबैर होते. मखजूम घराण्यातील प्रतिष्ठित स्त्रीच्या चोरीची हदीस आपल्या मावशी हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून ऐकून उरवांनीच पुढे पोहोचविली आहे. ती तुम्ही जाणता. त्या स्त्रीसाठी रदबदली झाली तेव्हा पैगंबर (स.) संतापले. मागील लोक नष्ट झाले ते याचमुळे, की त्यांच्यातला बडा माणूस चोरी करी तेव्हा ते त्याला सोडून देत आणि दुबळ्याला शिक्षा करीत, असे त्यांनी सर्वांसमोर स्पष्ट केले. ही शिकवण ज्यांच्या मुखी होती, त्यांच्या सहवासात हा राजपुत्र बसत होता.

तथापि सहवासाने सर्व काही साधत नाही. हिजरी 93 मध्ये वलीदचा हुकूम आला की खुबैब बिन अब्दुल्लाह बिन जुबैर यांना 100 फटके मारावेत आणि कडाक्याच्या थंडीत त्यांच्यावर गार पाणी ओतावे. खुबैब यांचा अपराध एवढाच की त्यांचे बोलणे सत्तेला रुचले नव्हते. उमर यांनी हुकूम बजावला. खुबैब त्यातच वारले. चरित्रकार हा प्रसंग लपवीत नाहीत, मग आपण का लपवावा? पुढे कोणी त्यांच्या सत्कृत्यांची स्तुती केली की ते खुबैबचे नाव काढीत आणि गप्प होत. वरून आलेला हुकूम हाताखालच्या माणसाचे हात धुवून काढीत नाही, हे त्यांना त्या मृत्यूने शिकविले असावे. त्याच वर्षी हज्जाजच्या तक्रारीवरून त्यांची सुभेदारी गेली.

हिजरी 99 च्या सफर महिन्यात (इ.स. 717) खलीफा सुलैमान शामच्या उत्तरेस दाबिक येथे मरणपंथास लागला. रजा बिन हैवा या विद्वान मंत्र्याच्या सल्ल्याने त्याने उत्तराधिकाऱ्याचे नाव लिहून कागद मोहोरबंद केला आणि आत कोणाचे नाव आहे हे न सांगताच घराण्याकडून बैअत घेतली. कागद उघडला तेव्हा उमर यांचे नाव निघाले. हिशाम संतापला. उमर स्वतः हादरले. लोकांना आपल्या बैअतीतून मोकळे करून दुसरा कोणी निवडण्यास त्यांनी मोकळीक दिली. लोकांनी त्यांनाच पुन्हा स्वीकारले. दफनविधीनंतर शाही घोडे समोर आणले गेले. त्यांनी ते नाकारून आपले खेचर मागविले. भाला घेऊन पुढे चालू पाहणाऱ्या अधिकाऱ्यालाही बाजूला केले.

रात्रभर जागरण झाले होते. थोडे आडवे व्हावे म्हणून ते घरात गेले, तोच तरुण मुलगा अब्दुल मलिक आत आला. मजालिम परत केल्याशिवाय आपण झोपणार का, असे त्याने विचारले. मजालिम म्हणजे सत्तेच्या जोरावर लोकांकडून हिरावून घेतलेली मालमत्ता. पित्याने सांगितले की दुपारच्या नमाजनंतर पाहू. दुपारपर्यंत जगण्याची हमी कोणी दिली, असा मुलाचा प्रतिप्रश्न होता. उमर यांनी त्याला जवळ घेतले, त्याच्या कपाळाचे चुंबन घेतले, आणि न झोपता बाहेर आले.

आता येथे थोडे थांबा आणि काय परत करावयाचे होते ते पाहा. बनू उमय्यांतील कोणी रात्री भिंत फोडून चोरी केली नव्हती. प्रत्येकाजवळ सनद होती, सनदेवर खलीफाची मोहोर होती, आणि पुष्कळांना ती बापाकडून वारशात मिळाली होती. म्हणून त्यांना त्यात काही गैर दिसतच नव्हते. बड्यांची सवलत बहुधा अशीच कागदोपत्री निर्मळ असते. ज्याच्या शेतावर ती सनद लिहिली गेली, त्याचे नाव तेवढे कागदावर नसते.

उमर यांनी आरंभ स्वतःपासून केला. लोकांना मशिदीत बोलाविले. त्यांचा सेवक मुजाहिम याने त्यांच्या जहागिरींच्या सनदा एकेक वाचावी आणि त्यांनी हाती घेऊन ती कात्रीने कातरावी, असे दुपारच्या अजानपर्यंत चालले. यमनची जमीन गेली, यमामाची गेली. फदकची जमीन मरवानपासून त्यांच्या घराण्यात आली होती, तिचे उत्पन्न पैगंबर (स.) यांच्या काळी ज्या कामी लागे त्याच कामी लावण्याची आज्ञा झाली. स्वतःच्या वेतनातून खोदविलेला सुवैदाचा झरा तेवढा त्यांनी ठेवला. त्यांच्या मुलाने पुढे सांगितलेला हिशेब ग्रंथांत आहे. खिलाफत मिळाली त्या दिवशी वार्षिक उत्पन्न 40,000 दिनार होते, मृत्यूच्या वेळी 400.

मग फातिमांची पाळी आली. पित्याने दिलेले अमोल जवाहीर त्यांच्याजवळ होते. ते बैतुलमालमध्ये द्यावे, नाहीतर आपण वेगळे होऊ, असा पर्याय पतीने ठेवला. फातिमांनी जवाहीर दिले.

त्यानंतर घराण्याकडे वळण्याचा नैतिक अधिकार त्यांना आला. हिम्स शहरातील एका जिम्मीने, म्हणजे बिगरमुस्लिम प्रजाजनाने, भरसभेत तक्रार केली की खलीफा वलीदचा मुलगा अब्बास याने आपली जमीन बळकावली आहे. अब्बास समोरच बसला होता. त्याने पित्याची सनद दाखविली. अल्लाहचा ग्रंथ वलीदच्या कागदापेक्षा वरचा आहे, या आधारावर उमर यांनी जमीन परत देवविली. त्याच शहरातील काही दुकाने वलीदच्या दुसऱ्या मुलाच्या, रूहच्या, ताब्यात होती. मूळ मालकांच्या बाजूने निकाल लागला, तेव्हा रूहने त्यांना वाटेत धमकावले. ते परत आले. उमर यांनी रक्षकांच्या प्रमुखास पाठविले: रूह दुकाने सोडील तर ठीक, नाहीतर त्याचे शिर घेऊन यावे. उपसलेली तलवार पाहताच रूहने दुकाने सोडली. नुसता निकाल देऊन भागत नाही, तो दुबळ्याच्या हाती पडेपर्यंत पाठीशी उभे राहावे लागते, हे येथे दिसते. आपल्याकडेही कितीतरी निकाल कागदावरच वाळतात.

अंबसा बिन सईद हे घराण्यातील स्नेही. सुलैमानने त्यांना 20,000 दिनार मंजूर केले होते. मोहोर तेवढी उमटायची राहिली होती. ते मागण्यास आले तेव्हा उमर यांनी हिशेब मांडला की एवढ्या रकमेत 4,000 मुस्लिम कुटुंबांचे भागेल. ती एका माणसास देण्याचा मार्ग आपणास सापडत नाही. मला वाटते, त्यांच्या साऱ्या कारभाराची किल्ली या हिशेबात आहे. देणगी म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे घेणारा येतो. त्यांच्या डोळ्यांपुढे ज्यांचे गेले ते 4,000 उंबरठे येत.

नातलगांनी अखेर आत्या फातिमा बिंत मरवान यांना पाठविले, कारण तिचा शब्द सहसा मोडला जात नसे. आत्याने कुटुंबाचे दुःख मांडले. पुतण्याने एक दिनार निखाऱ्यात लाल होईपर्यंत ठेवविला आणि मांसाच्या तुकड्यावर टाकविला. तो तुकडा चरचरला. असल्या आगीपासून आपल्या पुतण्याला वाचवावेसे वाटत नाही का, एवढेच त्यांनी विचारले. आत्या परत गेल्या आणि घराण्याला त्यांनी आठवण करून दिली की उमर फारूक यांच्या घरची मुलगी करून आणलीत, आता नातू आजोळवर गेला तर सोसा.

येथे तुमच्या मनात शंका येईल की खुत्ब्यातील आयतीत तर नातलगांना देण्याची आज्ञा आहे. आहेच. परंतु देणे आपल्या खिशातून असते. दुसऱ्याचे काढून भावाला दिले तर ते नातेसंबंध जपणे होत नाही; आणि त्याच आयतीत न्यायाची आज्ञा नातलगांच्या आधी आली आहे.

बड्यांचे ओझे उतरविले की ते ज्यांच्या पाठीवर होते त्यांच्याकडे पाहावे लागते. कूफाच्या सुभेदारास त्यांनी लिहून कळविले की नवरोज व मेहरगानच्या भेटी, कागदाची किंमत, हरकाऱ्यांची मजुरी, लग्नावरील दिरहम असले उकळणे बंद व्हावे. सत्ताधाऱ्यांनी व्यापार करू नये असेही फर्मान निघाले, कारण हाकिम बाजारात उतरला की भाव त्याच्या सोयीने ठरतो. खुरासानहून आलेल्या शिष्टमंडळातील एका मवालीने, म्हणजे अरबेतर मुसलमानाने, सांगितले की आमचे 20,000 लोक वेतनाविना लढतात, आणि इस्लाम स्वीकारलेल्या तितक्याच लोकांकडून अद्याप कर घेतला जातो. सुभेदार जर्राह यांनी नवमुस्लिमांची खतन्यावरून परीक्षा घेण्याची कल्पना काढली. पैगंबर (स.) मार्गदर्शक म्हणून पाठविले गेले, खतना करणारे म्हणून नव्हे, असे कळवून उमर यांनी ती फेटाळली आणि पुढे जर्राह यांना पदावरून दूर केले. खजिना आटेल ही भीती अधिकाऱ्यांना होती, त्यांना नव्हती.

समरकंदच्या लोकांनी गाऱ्हाणे आणले की कुतैबाने आमचे शहर दगाबाजीने घेतले. काजी जुमै बिन हाजिर यांच्यापुढे खटला चालला, आणि विजयी अरबांनी शहराबाहेर आपल्या छावणीत जावे, मग बरोबरीने लढाई वा तह व्हावा, असा निकाल लागला. शहरवासीयांनी पुन्हा युद्ध नको म्हणून आहे तेच मान्य केले. पण आपल्याच सेनेविरुद्ध आपलाच काजी निर्णय देतो, हे त्यांनी पाहिले.

हे सारे अवघ्या 2 वर्षे 5 महिन्यांत घडले. हिजरी 101 च्या रजब महिन्यात (इ.स. 720) दैर सिमआन येथे, वयाच्या चाळिशीच्या आसपास, त्यांचे निधन झाले. विषप्रयोगाची वार्ता ग्रंथांत आहे. ज्या सेवकाला त्यासाठी 1,000 दिनार मिळाले, त्याच्याकडून ते घेऊन त्यांनी बैतुलमालमध्ये जमा करविले आणि त्याला पळून जाण्यास सांगितले, असे म्हणतात. आजारपणात मेहुणा मस्लमा भेटीस आला. अंगातील सदरा मळलेला पाहून त्याने बहीण फातिमांना तो धुण्यास सांगितले. दुसऱ्या भेटीतही तोच मळका सदरा दिसला तेव्हा तो रागावला, आणि त्याला कळले की बदलण्यास दुसरा सदराच नाही. मुलगा अब्दुल मलिक त्यांच्या आधीच अल्लाहच्या घरी गेला होता.

मागून यजीद बिन अब्दुल मलिक खलीफा झाला. त्याने फदक पुन्हा मरवानच्या वंशाकडे घेतले, आणि उमर यांच्या व्यवस्थेतील जे जे घराण्याला जाचत होते ते हळूहळू मोडले. फातिमा त्याची सावत्र बहीण. बैतुलमालमध्ये पडून असलेले तिचे जवाहीर त्याने आणविले आणि तिला परत देऊ केले. पतीच्या हयातीत खुशीने दिलेले त्याच्या मृत्यूनंतर घेणार नाही, असे सांगून फातिमांनी ते नाकारले. यजीदने ते आपल्या घरातील स्त्रियांत वाटून टाकले.