पाषाणांचें वय सांगणारा : आर्थर होम्स

आपण ज्या भूमीवर उभे आहों ती किती जुनी, हा प्रश्न मनुष्यास पुरातन काळापासून पडत आला आहे. त्याचें उत्तर प्रत्यक्ष खडकांकडून वदवून घेण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, त्यांत भूगर्भशास्त्रज्ञ आर्थर होम्स अग्रगण्य होत.

त्यांचा जन्म ता. १४ जानेवारी १८९० रोजीं इंग्लंडच्या उत्तर भागांत गेट्सहेड येथें एका सामान्य कुटुंबांत झाला. घरच्या बायबलाच्या समासांत जगाच्या उत्पत्तीचें वर्ष इ. स. पूर्व ४००४ असें छापलें होतें. त्या आंकड्यानें बालवयांतच त्यांची जिज्ञासा जागृत झाली. पुढें शिष्यवृत्ति मिळवून ते लंडनला शिकावयास गेले. युरेनियम हा धातु अत्यंत मंद पण ठराविक गतीनें पालटत जाऊन शेवटीं शिशाचें रूप घेतो. तेव्हां खनिजांत युरेनियम किती उरलें व शिसें किती सांचलें हें मोजलें, कीं त्याचें वय समजतें. १९११ सालीं, अवघ्या एकविसाव्या वर्षीं, होम्स यांनीं या रीतीनें नॉर्वेंतील एका खडकाचें वय ३७ कोटि वर्षें ठरविलें.

त्याच वर्षीं अर्थार्जनासाठीं ते मोझांबिकला गेले व तेथें हिंवतापानें मरतां मरतां वांचले. १९२० सालीं त्यांनीं ब्रह्मदेशांत एका तेल कंपनीची नोकरी धरली. परंतु कंपनी बुडाली, पगार थकला आणि लहानगा पुत्र तेथेंच रोगानें दगावला. १९२२ मध्यें ते रिक्त हस्तें मायदेशीं परतले. तरीहि त्यांनीं आपला व्यासंग सोडला नाहीं. १९२४ सालीं डरहॅम विद्यापीठानें त्यांस पाचारण केलें.

चुलीवरील पातेल्यांत तळचें तापलेलें पाणी वर येतें व निवालेलें खालीं जातें. तसेच अतिमंद प्रवाह पृथ्वीच्या पोटांतील घन खडकांतहि चालतात व ते खंडांस ओढून नेतात, असा विचार त्यांनीं १९२७ सालीं मांडला. पुष्कळ विद्वानांनीं तो मानला नाहीं. परंतु १९६० नंतरच्या संशोधनानें त्याचें मर्म खरें ठरलें.

खंडांचें कवच एकदांच घडून तसेंच राहिलेलें नाहीं, हें आज आपणांस ठाऊक आहे. जड, काळा बेसाल्ट खोल जाऊन अंशतः वितळतो. त्यांतून निघालेला हलका रस वर येऊन ग्रॅनाइटासारखा गोठतो व खंडांत भर पडते. पर्वत उभे राहतांना तोच खडक दाबला व तापला म्हणजे त्यावर पट्टे उमटून पट्टिताश्म बनतो. म्हणून प्राचीन खडकास जन्माचें एक वय व रूपांतराचें दुसरें असतें. अशीं वयें ठरवून होम्स यांनीं आफ्रिकेंतील प्राचीन पर्वतपट्ट्यांचा क्रम लाविला. १९५५ सालीं भारतीय द्वीपकल्पाच्या अतिप्राचीन खडकांच्या वयाविषयींहि निबंध लिहिला. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटि वर्षांचा. पण गोव्यांतील कांहीं पट्टिताश्म ३०० कोटि वर्षांहून जुने आहेत.

१९४३ पासून एडिंबरा येथें प्राध्यापक राहून होम्स ता. २० सप्टेंबर १९६५ रोजीं लंडन येथें निवर्तले. दारिद्र्य, रोग व पुत्रशोक यांच्या भाराखालींहि ज्यानें आपलें कार्य टाकलें नाहीं, त्या पुरुषाचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानीं ठेवावें.